गॅस एकाचा, नाव दुसऱ्याचं

प्रश्न : रशिया-युक्रेनच्या बातम्या वाचताना एका जुन्या गॅस कंपनीचा उल्लेख आला. ती गॅस काढत नव्हती, जाळत नव्हती, पाइपलाइनही तिची नव्हती. तरी दोन देशांच्या मध्ये बसून ती बक्कळ कमवायची आणि तिचा निम्मा मालक कोण, हे बरेच दिवस कुणालाच ठाऊक नव्हतं म्हणे. एवढी मोठी गोष्ट झाकून राहते कशी? आणि गॅसच्या धंद्यात आपल्याकडे असं काही झालंय का?
– एक वाचक, श्रीपूर (ता. माळशिरस, जि. सोलापूर)

उत्तर : कंपनीचं नाव रॉसयुक्रएनर्गो. झाकून राहते कशी, हे उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. 1961चा शेतजमीन कमाल धारणा कायदा आला, तेव्हा राज्यात किती सातबारे रातोरात बदलले हे जुन्या तलाठ्यांना विचारा. जमीन सालगड्याच्या नावावर, दूरच्या भाच्याच्या नावावर. कुत्र्या-मांजरांच्या नावावरही जमिनी चढल्या, असं लोक अजून हसत सांगतात. उताऱ्यावर नाव एकाचं आणि उसाचं बिल दुसऱ्याच्या खिशात. रॉसयुक्रएनर्गोत हेच झालं. फरक एवढाच, की सालगड्याच्या जागी ऑस्ट्रियातली एक नामांकित बँक होती.

पण आधी मधल्याची गरज का पडली ते पाहू, कारण सुरुवातीला ती गरज खरी होती. 1991 साली सोव्हिएत संघ फुटला. गॅस तुर्कमेनिस्तानात, तो जाळणारे कारखाने युक्रेनमध्ये, आणि मधले पाइप उझबेकिस्तान, कझाकस्तान, रशिया अशा तीन वेगळ्या देशांच्या ताब्यात. युक्रेनकडे रोख पैसा नव्हता. मग गॅसच्या बदल्यात अन्नधान्य, यंत्रं, पाइप, जे असेल ते द्यायचं. हा बाजार जुळवून आणणारा, या पाचही देशांच्या अधिकाऱ्यांना ओळखणारा कुणीतरी लागायचाच. नव्वदच्या दशकात ते काम इटेरा नावाच्या कंपनीनं केलं. रॉसयुक्रएनर्गोमागचा माणूस म्हणून पुढे ज्याचं नाव आलं, त्या दिमित्रो फिर्ताशचीही सुरुवात अशाच देवाणघेवाणीतून झाली.

इटेरा बाजूला झाली आणि डिसेंबर 2002मध्ये हंगेरीतल्या चाब्दी नावाच्या खेड्यात युरल ट्रान्स गॅस या कंपनीची नोंदणी झाली. भांडवल बारा हजार डॉलर. आपल्याकडे त्या पैशात तेव्हा फार तर एक जीप आली असती. भागधारक म्हणून कागदावर एक इस्रायली वकील आणि तीन रोमानियन नागरिक. त्यातली एक नटी होती. फोनचं बिल भरायला पैसे हवे होते म्हणून सही केली, असं तिनं नंतर पत्रकारांना सांगितलं. आणि या कंपनीला काम काय मिळालं, तर तुर्कमेनिस्तानचा गॅस रशियातून युक्रेनला पोचवण्याचं. गॅस गाझप्रॉमच्या पाइपमधून जाणार, घेणार युक्रेनची सरकारी कंपनी नाफ्तोगाझ. मधल्या कंपनीकडे एक फूट पाइप नाही.

यावर इतकी ओरड झाली, की 2004च्या जुलैत नवी, जरा सभ्य दिसणारी कंपनी आली. तीच रॉसयुक्रएनर्गो, नोंदणी स्वित्झर्लंडमधल्या त्सूगची. निम्मे समभाग रशियाच्या गाझप्रॉमच्या बाजूचे. उरलेले निम्मे एका ऑस्ट्रियन कंपनीकडे, आणि ती दुसऱ्याच्या वतीनं सांभाळायची रायफायझेन बँकेची गुंतवणूक शाखा. कुणासाठी? बँक म्हणायची, आम्ही विश्वस्त आहोत, नावं गोपनीय आहेत. युक्रेन आणि रशिया, दोन्हीकडच्या राष्ट्राध्यक्षांच्या संमतीनं उभ्या राहिलेल्या कंपनीचा अर्धा मालक कोण, हे विचारायची सोय नव्हती. युक्रेनच्या गुप्तचर खात्यानं 2005मध्ये चौकशी सुरू केली. त्याच सप्टेंबरात पंतप्रधान युलिया तिमोशेंको यांचं सरकार बरखास्त झालं आणि खात्याचा प्रमुखही गेला. सरकार पडायला इतर कारणंही होती. पण चौकशीचं पुढे काही झालं नाही.

मग आला 1 जानेवारी 2006. भावाच्या भांडणात गाझप्रॉमनं युक्रेनचा गॅस तोडला, भर थंडीत. चारच दिवसांत, 4 जानेवारीला, तह झाला. तो तह बघण्यासारखा आहे. रशियन गॅस हजार घनमीटरला 230 डॉलरनं विकला जाणार. युक्रेनला मात्र तो 95 डॉलरला मिळणार. 135 डॉलरचा खड्डा कोण भरणार? रॉसयुक्रएनर्गो. ती रशियाकडून थोडा महाग गॅस घेणार, मध्य आशियाकडून पुष्कळ स्वस्त गॅस घेणार, हिशेबात दोन्ही मिसळणार आणि युक्रेनला 95नं देणार. शिवाय काही गॅस पोलंड-हंगेरीकडे चढ्या भावानं विकायची मुभा. म्हणजे ज्या कंपनीवर वर्षभर बोटं रोखली जात होती, तीच भांडण मिटवायला युक्रेनची एकमेव पुरवठादार झाली.

गॅसला रंग नसतो, पाइपमध्ये कुठला तुर्कमेनी आणि कुठला सैबेरियन हे कुणी सांगू शकत नाही. ते फक्त कागदावर ठरतं. म्हणून तर कागद ज्याच्या हातात, नफा त्याच्या हातात.

मालकाचं नाव फुटलं ते 2006च्या एप्रिलमध्ये. 'इझ्वेस्तिया' या रशियन दैनिकानं छापलं, की निम्म्यातला 45 टक्के वाटा फिर्ताशचा आणि 5 टक्के इव्हान फुर्सिनचा. 'इझ्वेस्तिया' तेव्हा गाझप्रॉमच्याच मालकीचं होतं. तेव्हा पत्रकारानं ते शोधलं की कुणीतरी शोधू दिलं, हा प्रश्न ज्यानं त्यानं आपल्या अकलेनं सोडवावा.

तुमच्या पत्राचा खरा गाभा पुढे आहे. गाझप्रॉमकडे गॅस होता, पाइप होते, माणसं होती. मग अर्धा नफा दुसऱ्याला का दिला? गाझप्रॉमचं उत्तर असं, की युक्रेन पैसे बुडवणारं गिऱ्हाईक. बुडवले तर नुकसान मधल्या कंपनीचं, आमचं नाही. हे उत्तर अगदीच टाकाऊ नाही. टीकाकारांचं म्हणणं वेगळं : मधला वाटा दोन्ही देशांतल्या राजकारण्यांना खूश ठेवण्यासाठी होता. तिमोशेंकोंनी तर सिमियन मोगिलेविच या रशियन गुन्हेगारी जगतातल्या बड्या नावाशी कंपनीचा संबंध जोडला. कंपनीनं आणि फिर्ताशनं ते साफ नाकारलं, न्यायालयात ते सिद्ध झालेलं नाही. फिर्ताशची ऊठबस पुढे युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या व्हिक्टर यानुकोविच यांच्या गोटात होती, हे मात्र युक्रेनमध्ये कुणी लपवत नव्हतं.

पुढचं झपाट्यानं सांगतो. 2009च्या जानेवारीत पुन्हा गॅस तुटला. या वेळी दोन आठवडे निम्मा पूर्व युरोप गारठला. 19 जानेवारीला तिमोशेंको-पुतिन करार झाला आणि मधल्या कंपनीला काढून टाकलं. युक्रेनच्या भूमिगत साठ्यात तिचा 11 अब्ज घनमीटर गॅस पडून होता, तो नाफ्तोगाझनं ताब्यात घेतला. 2010मध्ये यानुकोविच राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी स्टॉकहोमच्या लवादानं निकाल दिला : गॅस परत करा, वर 1.1 अब्ज घनमीटर दंड. सरकारी बाजूनं ही लढाई मन लावून लढलीच नाही, असा आरोप झाला. ज्या करारानं मधला गेला, त्याच करारापायी तिमोशेंकोंना ऑक्टोबर 2011मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली. सुटका 2014मध्ये, यानुकोविच सत्ता सोडून पळाल्यावर.

आणि एक धागा थेट आपल्याकडे येतो. मार्च 2014मध्ये फिर्ताशला व्हिएन्नात अटक झाली, ती गॅसपायी नव्हे. अमेरिकेतल्या शिकागोच्या आरोपपत्रात म्हटलं होतं, की आंध्र प्रदेशात टायटॅनियमच्या खाणींचे परवाने मिळवण्यासाठी भारतीय अधिकाऱ्यांना 1 कोटी 85 लाख डॉलरची लाच देण्याचा कट झाला. फिर्ताशनं हेही नाकारलं. जामिनाची रक्कम 12 कोटी 50 लाख युरो, आणि ती भरली गेली! पुढे वर्षानुवर्षं व्हिएन्नाच्या न्यायालयांत प्रकरण घोळत राहिलं.

आता आपल्याकडे या. अगदी अशी, निनावी मालकाची गॅस कंपनी आपल्याकडे झाली नाही. पण जवळचं प्रकरण आहे आणि ते मुंबईचं आहे. त्यात मालक सगळ्या जगाला माहीत होता; वाद होता तो गॅस कुणाचा यावर.

धीरूभाई अंबानी 6 जुलै 2002 रोजी मृत्युपत्र न करता गेले. त्याच वर्षी आंध्रच्या किनाऱ्याजवळ कृष्णा-गोदावरी खोऱ्यात रिलायन्सला गॅस सापडला. मुकेश आणि अनिल, दोघा भावांचं फाटलं. 18 जून 2005 रोजी आई कोकिळाबेन यांनी वाटणी जाहीर केली : तेल, वायू, पेट्रोकेमिकल मुकेशकडे, वीज, टेलिफोन, वित्त अनिलकडे. अनिलच्या वाट्याच्या वीज प्रकल्पांना गॅस लागणार, म्हणून वाटणीच्या करारात ठरलं, की रोज 2 कोटी 80 लाख घनमीटर गॅस, 17 वर्षं, दर एमएमबीटीयूला (गॅस मोजायच्या उष्णतेच्या मापाला) 2.34 डॉलर या भावानं द्यायचा. हा भाव हवेतून आला नव्हता. एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीच्या कवास आणि गांधार प्रकल्पांच्या निविदेत 2004 साली रिलायन्सनंच तो भरला होता. अनिलकडे आलेल्या ज्या कंपनीनं हा गॅस घ्यायचा, ती रिलायन्स नॅचरल रिसोर्सेस, म्हणजे आरएनआरएल. तिच्याकडे ना विहीर ना वीजघर. उत्तर प्रदेशातला दादरीचा वीज प्रकल्प कागदावर होता.

मग 2007मध्ये प्रणव मुखर्जींच्या अध्यक्षतेखालच्या मंत्रिगटानं त्या गॅसचा भाव ठरवला 4.20 डॉलर.

इथे थांबून हिशेब करू. 2 कोटी 80 लाख घनमीटर म्हणजे दिवसाला जवळपास 10 लाख एमएमबीटीयू. दोन भावांतला फरक 1.86 डॉलर. म्हणजे दिवसाला साडेअठरा लाख डॉलर, वर्षाला सुमारे 68 कोटी डॉलर. तेव्हाच्या 45 रुपयांच्या दरानं वर्षाला तीन हजार कोटी रुपये. आणि करार 17 वर्षांचा. हा पैसा गॅस खणून येत नाही, पोचवून येत नाही, जाळूनही येत नाही. 2.34च्या कागदावर नाव असलं की येतो. दोन भावांचं भांडण असं आपण म्हणत राहिलो, पण ते दोन दरांचं होतं.

आरोपांची सरबत्ती इथून सुरू झाली. अनिल अंबानींनी 2009मध्ये भागधारकांच्या सभेत आणि मग देशभरातल्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन पेट्रोलियम मंत्रालय थोरल्या भावाची वकिली करतंय असं जाहीरपणे म्हटलं. मंत्री होते दक्षिण मुंबईचे मुरली देवरा, अंबानी कुटुंबाचे जुने स्नेही. त्यांचं उत्तर : गॅस कुणा भावाचा नाही, देशाचा आहे, मंत्रालय देशाची बाजू मांडतंय. उलट बाजूनं अनिलच्या राजकारणाकडे बोट दाखवलं गेलं. समाजवादी पक्षाच्या पाठिंब्यानं ते 2004मध्ये राज्यसभेवर गेले होते, दादरीचा प्रकल्प त्याच पक्षाच्या सरकारच्या काळातला, आणि या गॅसवरून संसदेत गोंधळ घालायला तोच पक्ष पुढे होता. दोन्ही बाजूंना राजकीय मित्र होते. आपल्याकडे एवढ्या मोठ्या धंद्यात ते नसणं हेच नवल.

मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं 15 जून 2009 रोजी आरएनआरएलच्या बाजूनं कौल दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एका बाजूला राम जेठमलानी, दुसऱ्या बाजूला हरीश साळवे. मध्येच न्या. रवींद्रन यांनी सुनावणीतून अंग काढून घेतलं, कारण त्यांची मुलगी ज्या वकिली संस्थेत होती तिचा एका पक्षाशी संबंध निघाला. 7 मे 2010 रोजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या पीठानं निकाल दिला : जमिनीखालचा गॅस सरकारचा, म्हणजे लोकांचा, भाव आणि वाटप ठरवायचा अधिकार सरकारचा, कुटुंबातल्या वाटणीचा करार कंपनीवर बंधनकारक नाही. सहा आठवड्यांत दोघांनी सरकारी धोरणाच्या चौकटीत बसून नव्यानं बोलणी करावीत.

निकालातली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट मालकीच्या घोषणेइतकी गाजली नाही. न्यायालयानं नोंदवलं, की वाटणीचा तो करार भागधारकांपुढे कधी ठेवलाच गेला नव्हता. लाखो भागधारकांच्या कंपनीचा सगळ्यांत मोठा माल कुणाला, कोणत्या भावानं विकायचा हे आई आणि दोन मुलगे यांनी ठरवलं आणि कागद कपाटात ठेवला. त्सूगच्या कंपनीत मालक गुप्त होता, मुंबईच्या कंपनीत करार गुप्त होता. सामान्य भागधारकाच्या दृष्टीनं दोन्ही ठिकाणी दार बंदच.

काही आठवड्यांतच, 2010च्या जुलैमध्ये, आरएनआरएल रिलायन्स पॉवरमध्ये विलीन करायचं जाहीर झालं. स्वस्त भावाचा कागद गेला, कंपनीला वेगळं राहायचं कारण उरलं नाही. गंमत म्हणजे ज्या गॅससाठी एवढं रामायण झालं, तो विहिरीतूनच आटला. 2010मध्ये शिखर गाठल्यावर त्या खोऱ्यातल्या जुन्या विहिरींचं उत्पादन कोसळत गेलं आणि 2020च्या सुरुवातीला त्या बंद झाल्या. भावांनी ते 2 कोटी 80 लाख घनमीटर कुठून आणले असते, देव जाणे.

दोन भाव आणि मध्ये राजकारण, याचा महाराष्ट्राला याहून जुना अनुभव आहे. बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना सिमेंट नियंत्रित भावानं मिळायचं आणि खुल्या बाजारात कितीतरी महाग. बिल्डरांनी अंतुलेंच्या ट्रस्टला देणग्या द्यायच्या आणि सिमेंटचा कोटा न्यायचा, असा आरोप 1981मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'नं केला. जानेवारी 1982मध्ये न्या. लेंटिन यांचा निकाल विरोधात गेला आणि अंतुलेंना खुर्ची सोडावी लागली. त्याच वर्षी केंद्रानं सिमेंटवरचं नियंत्रण बरंचसं सैल केलं. साखरेतली लेव्ही, म्हणजे सरकारला स्वस्तात द्यावा लागणारा वाटा, तर तुम्ही जवळून पाहिलीय. ती 2013पर्यंत चालली.

या सगळ्याचं उत्तर एका वाक्यात हवं असेल तर ते असं : मालक कोण हे शोधण्याआधी भाव किती आहेत ते मोजा. एकाच मालाला सरकारी हुकमानं दोन भाव असले की मधला येतोच, आणि तो मधला कुणीतरी नेमलेला असतो. नाव लपवायची गरजही तिथूनच येते, कारण नेमणाऱ्याचा आणि नेमलेल्याचा संबंध दिसता कामा नये.

मालक शोधायची सोय आता आपल्याकडे कायद्यात आहे. कंपनी कायद्याच्या कलम 90प्रमाणे ज्याचा आडून-पाडून 10 टक्के वा जास्त वाटा असेल, त्या माणसाचं नाव कंपनीनं नोंदवायचं असतं, नियम 2018चे. पण कलम असणं वेगळं आणि उलगडा होणं वेगळं. साताऱ्याच्या जरंडेश्वर साखर कारखान्याचं बघा : लिलावात घेणारी कंपनी एक, चालवणारी दुसरी, तिच्यात पैसा तिसरीचा. सक्तवसुली संचालनालयानं जुलै 2021मध्ये 65 कोटी 75 लाखांच्या मालमत्तेवर जप्ती आणताना तिसऱ्या कंपनीचा संबंध अजित पवार कुटुंबाशी असल्याचं म्हटलं. पवारांनी आरोप फेटाळले. सभासदांची यादी नोटीस बोर्डावर लागणाऱ्या कारखान्याची ही गत, तर त्सूगच्या पेटीतल्या समभागांचं काय घेऊन बसलात.

पत्राच्या शेवटी तुम्ही बारीक अक्षरात आणखी एक विचारलंय : कारखान्याच्या प्रेसमडपासून, म्हणजे उसाच्या रसाच्या गाळापासून, गॅस करायचं बोलणं चालू आहे, त्यातही मधला असणार का?

असणार. 2018च्या 'सतत' योजनेत तेल कंपन्या असा जैववायू घेतात. शिवाय शहरांत गॅस वाटणाऱ्या कंपन्यांना तो इतर गॅसबरोबर मिसळून एका भावानं देण्याचं काम 'गेल'कडे आहे. म्हणजे गेल इथे मधलीच, आणि दोन गॅस हिशेबात मिसळणारीही. मात्र तिच्यात निम्म्याहून जास्त वाटा केंद्र सरकारचा आहे, हिशेब संसदेपुढे जातो आणि शेअर बाजारात तिचा भागधारकांचा तक्ता दर तिमाहीला कुणालाही बघता येतो. कारखान्यानं मात्र अशा कंपनीऐवजी एखाद्या खासगी 'अ‍ॅग्रिगेटर'शी पंधरा-वीस वर्षांचा करार करायचं ठरवलं, तर वार्षिक सभेत दोन गोष्टी नेमक्या विचारा : घ्यायचा भाव आणि द्यायचा भाव, दोन्ही करारात लिहिलेत का, आणि कलम 90खालच्या नोंदवहीत कुणाचं नाव आहे. नोंदवही बघायला मागायचा हक्क त्या कंपनीच्या सभासदांना, म्हणजे भागधारकांना असतो. तुमच्या कारखान्यानं करारातच तिची प्रत जोडायची अट घातली, तर तुम्हालाही बघता येईल.